देवमाशाचे दांत कोठें गेले?



इ. स. २०१५ च्या जून महिन्यांत रायगड जिल्ह्यांतील रेवदंड्याच्या किनाऱ्यास एक निळा देवमासा लागला. त्याची लांबी सुमारें ४२ फूट होती. तो जिवंत होता. त्यास पुन्हां खोल पाण्यांत लोटण्याचे प्रयत्न झाले, परंतु ते सफळ न होतां तो तेथेंच मरण पावला. ४२ फूट हें माप ऐकून आपण थक्क होतों. पण ह्या जातीचा पूर्ण वाढलेला प्राणी ८० ते ९० फूट लांब व शंभर टनांहून जड असतो. ह्या पृथ्वीवर आजपर्यंत जे जे प्राणी होऊन गेले, त्यांपैकीं ह्याच्याहून वजनदार असा दुसरा कोणी खात्रीनें ठाऊक झालेला नाहीं.

वाघास हरिण लागतें, मगरीस मोठा मासा लागतो. तेव्हां शंभर टनांच्या ह्या प्राण्याचें भक्ष्यहि तसेंच अवाढव्य असेल, अशी कोणाचीहि कल्पना होईल. प्रत्यक्षांत त्याचें मुख्य अन्न म्हणजे क्रिल नांवाचा एक चिमुकला कवचधारी जीव. कोंकणच्या बाजारांत जो जवळा सुकवून विकतात, त्याच्यासारखाच तो दिसतो. दक्षिण ध्रुवाकडील समुद्रांतील क्रिल फार तर अडीच इंच वाढतो. आणि त्याहूनहि नवलाची गोष्ट ही कीं, हें अन्न खाणाऱ्या त्या विशाल तोंडांत दांत एकहि नसतो!

दांत नाहींत, तर मग आहे काय? वरच्या जबड्याच्या दोन्ही कडांना हिरडीपासून खालीं लोंबणारीं शेंकडों पातळ पातीं असतात. फणीचे दांते जसे एकाशेजारीं एक, तशीं हीं पातीं. आपलीं नखें व गाईचीं शिंगें ज्या द्रव्याचीं बनतात, त्याच द्रव्याचीं तीं असतात. त्यांची बाहेरची कड गुळगुळीत असते. आंतील कड झिजून तिचे राठ केसांसारखे धागे सुटतात, आणि ते एकमेकांत गुंतून जणूं एक चटई तयार होते. ह्या झालरीस बलीन म्हणतात. देवमासा तोंडांत पाणी घेतो, तें ह्या झालरींतून बाहेर दवडतो, आणि आंत अडकलेले जीव गिळून टाकतो. आपल्या स्वयंपाकघरांतील गाळणीचें काम त्याची ही झालर करिते.

ह्या युक्तीचा लाभ समजण्यास घरीं एक सोपा प्रयोग करून पाहा. परातभर पाण्यांत मूठभर मोहरी टाकून तें ढवळा. प्रथम चिमट्यानें एकेक दाणा वेंचा व पांच मिनिटांत किती दाणे निघाले तें मोजा. मग तेंच पाणी चहाच्या गाळणींतून ओता. दांत म्हणजे चिमटा, आणि झालर म्हणजे गाळणी. उत्तर पॅसिफिक महासागरांतील निळा देवमासा चरण्याच्या ऋतूंत दिवसाकाठीं सुमारें १६ टन क्रिल खातो, असा अंदाज इ. स. २०२१ मध्यें शास्त्रज्ञांनीं प्रसिद्ध केला. हें काम चिमट्याचें नव्हे.

येथवर सर्व सोपें आहे. कठीण प्रश्न पुढेंच आहे. देवमासा हा केवळ नांवाचा मासा. तो फुप्फुसांनीं श्वास घेतो, पिलास दूध पाजतो, आणि त्याचे अतिप्राचीन पूर्वज चार पायांनीं जमिनीवर चालत असत. त्या पूर्वजांच्या निकटच्या आप्तांपैकीं एक, इंडोह्युस नांवाचा मांजराएवढा खूरवाला प्राणी, जम्मू-काश्मीरमधील कालाकोटजवळच्या खडकांत अश्मरूपानें सांपडला आहे. त्या सर्वांना दांत होते. मग दांतांच्या तोंडाचें गाळणीचें तोंड झालें कसें? झालर पुरती तयार होण्यापूर्वीं दांत गेले असते, तर प्राणी उपाशी मेला असता. आणि झालर अगदीं आरंभीं, म्हणजे हिरडीवरील चार दोन राठ केसांएवढी असतांना, तिचा उपयोग तो काय? एका तारेची चाळण कोण विकत घेईल?

हाच आक्षेप इ. स. १८७१ मध्यें सेंट जॉर्ज मायव्हर्ट ह्या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञानें चार्ल्स डार्विन ह्याच्यापुढें मांडला. डार्विनचें म्हणणें असें कीं, प्राण्यांत लहान लहान उपयुक्त फरक पडत जातात, ते वंशपरंपरेनें टिकतात, आणि दीर्घ काळानें त्यांतूनच मोठा पालट घडतो. मायव्हर्टनें विचारिलें, झालर एकदां उपयोगी पडण्याइतकी वाढली म्हणजे पुढील वाढ समजूं शकते; पण तिचा आरंभ कसा झाला? आक्षेप वजनदार होता, आणि डार्विननें तो टाळला नाहीं. दुसऱ्याच वर्षीं, इ. स. १८७२ मध्यें, 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' ह्या आपल्या ग्रंथाची सहावी आवृत्ति काढतांना त्यानें त्यास सविस्तर उत्तर दिलें. गंमत ही कीं, तें उत्तर त्यानें बदकाच्या चोंचींत शोधिलें.

हिंवाळ्यांत उत्तरेकडून आपल्या तलावांवर जीं बदकें येतात, त्यांत थापट्या नांवाचें एक आहे. त्याची चोंच टोंकाशीं फावड्यासारखी पसरट असते. त्या चोंचीच्या कडेस बारीक, लवचिक पात्यांची ओळ असते. डार्विननें तपासलेल्या पक्ष्याच्या वरच्या चोंचींत एकेका बाजूस अशीं १८८ पातीं भरलीं. थापट्या चिखलपाणी चोंचींत घेऊन तें ह्या पात्यांतून गाळतो. आतां इतर बदकें पाहा. त्यांचीं पातीं ह्याहून थोडीं व आंखूड. तरीहि तीं त्यांच्यापुरतें गाळण्याचें काम करितात. हंसकाचीं पातीं तर दांत्यांसारखीं जाड. तो त्यांनीं गवत उपटतो. म्हणजे एकाच उपकरणाच्या पायऱ्या आज निरनिराळ्या पक्ष्यांत डोळ्यांसमोर आहेत, आणि प्रत्येक पायरीवरचा पक्षी आपलें पोट भरीतच आहे. डार्विनचा मुद्दा हा कीं, जें साधन आपणांस अर्धवट दिसतें, तें ज्याचें आहे त्यास पुरतें असतें. क्वचित् तें भलत्याच कामीं येत असतें.

दृष्टांत सुंदर होता. परंतु दृष्टांत म्हणजे पुरावा नव्हे. देवमाशाचें प्रकरण देवमाशावरूनच सिद्ध व्हावयास हवें. तो पुरावा तीन ठिकाणांहून हातीं आला.

पहिला पुरावा आईच्या उदरांतील. डार्विनच्या जन्मापूर्वींच, इ. स. १८०७ मध्यें, एतिएन जॉफ्रॉय सेंट-इलेर ह्या फ्रेंच शास्त्रज्ञानें झालरवाल्या देवमाशाच्या न जन्मलेल्या पिलाचा जबडा तपासला, तों त्यांत दांतांचे अंकुर आढळले. हे अंकुर गर्भांत फुटतात, आणि जन्मापूर्वींच विरून जातात. मग झालर वाढूं लागते. ज्यास दांतांचें जन्मभर काम नाहीं, त्याच्या जबड्यांत दांतांची ही तयारी कशास? पूर्वज दांतवाले होते, हें एकच उत्तर संभवतें. अलीकडे ह्यास आणखी एक साक्षीदार मिळाला. दांतावरचें कठीण लुकण बनविण्याच्या आज्ञा प्राण्याच्या पेशींतील जनुकांत लिहिलेल्या असतात. झालरवाल्या देवमाशांतहि तीं जनुकें आहेत, पण मोडलेलीं. इ. स. २०११ मध्यें असें दाखविण्यांत आलें कीं, त्यांतील एक जनुक आजच्या सर्व झालरवाल्या जातींत एकाच रीतीनें मोडलेलें आहे. म्हणजे तें त्यांच्या समाईक पूर्वजांतच निकामी झालें होतें.

दुसरा पुरावा खडकांतील. इ. स. २०१७ मध्यें दक्षिण अमेरिकेंतील पेरू देशांत सांपडलेल्या मिस्टाकोडन नांवाच्या प्राण्याचें वर्णन प्रसिद्ध झालें. तो सुमारें ३ कोटी ६० लाख वर्षांपूर्वींचा आहे. कवटीच्या घडणीवरून तो झालरवाल्यांच्याच कुळांतला ठरतो. पण त्याच्या तोंडांत दांत आहेत! दक्षिण ध्रुवाजवळील सेमूर बेटावरचा लॅनोसीटस हा सुमारें ३ कोटी ४० लाख वर्षांपूर्वींचा. तो २५ फुटांच्या आसपास लांब होता, आणि त्याचे दांत एकमेकांपासून दूर दूर होते. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर मिळालेला जंजुसीटस ह्याचें वर्णन इ. स. २००६ मध्यें झालें. तो सुमारें अडीच कोटी वर्षांपूर्वींचा, मोठ्या डोळ्यांचा व तीक्ष्ण दांतांचा शिकारी होता.

हे दांत पाहून कांहीं विद्वानांस वाटलें कीं, पाणी गाळण्याचें काम आधीं दांतांनींच होत असावें, आणि पुढें झालरीनें तें उचललें असावें. कल्पना फार सोयीची होती. दक्षिण ध्रुवाकडे एका जातीचा सील आजहि नक्षीदार दांतांच्या फटींतून क्रिल गाळतोच. परंतु इ. स. २०१७ मध्यें ह्या जुन्या दांतांची धार मोजून सिंह, सील इत्यादि प्राण्यांच्या दांतांशीं ताडून पाहण्यांत आली. गाळणाऱ्या सीलचे दांत बोथट. ह्या प्राचीन देवमाशांचे मात्र मांस कापणाऱ्या श्वापदांसारखे धारदार निघाले. लॅनोसीटसच्या दांतांवरची झीजहि चावण्याफाडण्याचीच आहे. तेव्हां ती सोयीची कल्पना मागें पडली. विद्यार्थ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें कीं, शास्त्रांत कल्पनेचा सोयीस्करपणा मोजला जात नाहीं. दांताची धार मोजली जाते.

मग मधली पायरी कोणती? पुष्कळ विद्वानांचें मत असें कीं, ती पायरी शोषणाची होय. शहाळ्याचें पाणी नळीनें पितांना आपण जीभ व गाल आंत ओढतों, तोंडांत पोकळी होते, आणि पाणी आपोआप वर चढतें. पाण्यांतील प्राण्यानें जीभ झटक्यानें मागें ओढली कीं समोरचा लहान मासा पाण्यासह तोंडांत ओढला जातो. अशा प्राण्यास भक्ष्य फाडावें लागत नाहीं. म्हणून त्याचे दांत बारीक झाले किंवा गेले तरी त्याचें अडत नाहीं. अडतें तें दुसऱ्याच ठिकाणीं. तोंडांत आलेलें पाणी बाहेर घालवावयाचें, पण मासा आंत राखावयाचा! येथें हिरडीची जाड व राठ कडहि उपयोगाची ठरते. आणि झालर हिरडीपासूनच उगवते, हें आपण पाहिलेंच. मायव्हर्टच्या प्रश्नाचें उत्तर येथें मिळूं लागतें. चार दोन राठ केसांची ती पहिली झालर क्रिल गाळण्यास निरुपयोगी असेल. पण तोंडांतला मासा अडविण्यास ती पुरेशी होती.

ह्या मधल्या काळांतील दोन अवशेष अमेरिकेंतील ऑरेगन प्रांताचे आहेत. एक मायाबालीना, सुमारें ३ कोटी ३० लाख वर्षांपूर्वींचा, इ. स. २०१८ मध्यें वर्णिलेला. ह्याच्या तोंडांत दांत नाहींत, आणि झालरीचीहि खूण नाहीं. तो शोषूनच खात असावा, असा त्याच्या अभ्यासकांचा निष्कर्ष आहे. दुसरा एटिओसीटस. ह्यास दांत तर आहेतच. शिवाय टाळूच्या हाडांत बारीक छिद्रें आहेत. आजच्या देवमाशांत अशाच छिद्रांतून झालरीस रक्त पुरविणाऱ्या वाहिन्या जातात. त्यावरून ह्याच्या तोंडांत दांत व कोंवळी झालर दोन्ही एकदम नांदत असावीं, असें मत इ. स. २००८ मध्यें मांडण्यांत आलें. पहिल्या अवशेषावरून वाटतें कीं, आधीं दांत गेले व मग झालर आली. दुसऱ्यावरून वाटतें कीं, दोन्ही कांहीं काळ सोबत होतीं. ह्या वादाचा निकाल अद्याप लागलेला नाहीं. पण कोणताहि पक्ष खरा ठरला, तरी एक गोष्ट दोन्हींकडे समान राहते: वाटेंत प्राणी उपाशी राहिला असा टप्पा कोठेंच येत नाहीं.

तिसरा पुरावा जिवंत आहे. उत्तर पॅसिफिक महासागरांत राहणारा करडा देवमासा तळाशीं जाऊन कुशीवर वळतो, आणि चिखलासह त्यांतील लहान जीव तोंडाच्या एका बाजूनें शोषून घेतो. मग चिखल व पाणी झालरींतून बाहेर सोडतो. त्याची झालर जाड व आंखूड असते. इ. स. १९७१ मध्यें ह्या जातीचें एक पिलूं कॅलिफोर्नियांत सुमारें एक वर्ष पाळून नंतर समुद्रांत सोडण्यांत आलें. हौदाच्या तळावर टाकलेले जीव तें शोषूनच उचलतें, हें तेव्हां प्रत्यक्ष पाहण्यांत आलें. एकाच तोंडांत शोषणें व गाळणें सुखानें नांदूं शकतें, ह्याचा हा जिवंत दाखला होय.

गाळण एकदां साधल्यावर तिच्या निरनिराळ्या रीति निघाल्या. कोंकणांतील कोळ्यांच्या जाळ्यांवरून त्या आपणांस चटकन समजतील. उत्तर ध्रुवाकडील बोहेड देवमाशाची रीत डोल जाळ्याची. डोल भरतीओहोटीच्या प्रवाहांत तोंड उघडून स्थिर असतें व पाणी त्यांतून वाहतें. बोहेड स्वतःच तोंड उघडें ठेवून सावकाश पोहत राहतो, आणि तांदळाच्या दाण्याएवढे जीव त्याच्या झालरींत सांचतात. ही झालर १३ फुटांपर्यंत लांब होते. निळ्या देवमाशाची रीत निराळी. तो क्रिलच्या दाट थव्यावर वेगानें धांवून जातो व जबडा सताड उघडतो. हनुवटीपासून बेंबीपर्यंत त्याच्या गळ्यावर चुण्या असतात. त्या लोहाराच्या भात्यासारख्या उलगडतात, आणि त्याच्या स्वतःच्या वजनाशीं तुलना करावी इतकें पाणी एका घोटांत आंत येतें. हें पाणी घशांत शिरूं नये म्हणून त्याच्या जातभाईंच्या तोंडांत मेदाचा एक बोळा दार लावून बसतो, हें इ. स. २०२२ मध्येंच उमगलें. कुबडा देवमासा तर रापण लावतो! माशांच्या थव्याखालीं फिरत तो बुडबुड्यांचें वर्तुळ सोडतो, मासे त्या भिंतींत कोंडले जातात, आणि तो तोंड उघडून खालून वर येतो.

ह्या शेवटच्या जातीनें आणखी एक पाठ दिला आहे. इ. स. १९८० मध्यें अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्याजवळ एक कुबडा देवमासा बुडबुडे सोडण्यापूर्वीं शेपटी पाण्यावर आपटतांना दिसला. पुढील सत्तावीस वर्षांच्या नोंदी तपासून इ. स. २०१३ मध्यें असें प्रसिद्ध झालें कीं, ही नवी तऱ्हा तेथील एकतृतीयांशाहून अधिक देवमाशांनीं उचलली, आणि ती मुख्यतः सोबत्यांचें पाहून. जबडा घडण्यास कोट्यवधि वर्षें लागलीं. तो वापरण्याची नवी युक्ति मात्र एका पिढींत पसरली. शिकण्याचें सामर्थ्य किती मोठें असतें, तें विद्यार्थ्यांस निराळें सांगणें नको.

देवमाशांचें हें अवाढव्य रूप मात्र फार जुनें नाहीं. इ. स. २०१७ च्या एका अभ्यासावरून दिसतें कीं, ते इतके मोठे झाले ते गेल्या सुमारें ३० लाख वर्षांतच. त्या काळांत पृथ्वी थंड झाली, समुद्राच्या तळचें सकस पाणी ठराविक ऋतूंत व ठराविक स्थळीं वर येऊं लागलें, आणि अन्नाचे दाट थवे दूर दूर अंतरावर मिळूं लागले. एका घोटांत पुष्कळ घेणारा व पुढील थव्यापर्यंत लांब मजल मारणारा प्राणी अशा वेळीं लाभांत राहिला. आपल्या अरबी समुद्रांतहि नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यामुळें ओमानच्या किनाऱ्यास असें पाणी वर येतें. म्हणूनच तेथील कुबडे देवमासे आपल्या जातीच्या रिवाजाप्रमाणें ध्रुवाकडे न जातां बारमाही अरबी समुद्रांतच राहतात.

परंतु जें घडण्यास कोट्यवधि वर्षें लागलीं, तें मोडण्यास एक शतकहि लागलें नाहीं. ह्याच झालरीपासून युरोपांत छत्र्यांच्या काड्या व स्त्रियांच्या चोळ्यांच्या पट्ट्या करीत; चरबीचें तेल काढीत. इ. स. १९०४ मध्यें दक्षिण जॉर्जिया बेटावर शिकारीचा तळ पडल्यापासून साठ बासष्ट वर्षांत दक्षिण गोलार्धांत तीन लाखांहून अधिक निळे देवमासे मारले गेले. दक्षिण ध्रुवाकडे शंभरांतील एकहि उरला नाहीं. इ. स. १९६६ मध्यें निळ्या देवमाशाच्या शिकारीस आंतरराष्ट्रीय बंदी झाली. त्याच वर्षीं अरबी समुद्रांत मात्र सोव्हिएट जहाजांनीं दोनशेंहून अधिक कुबडे देवमासे बेकायदा मारले. व्यापारी शिकारीवरील सर्वसाधारण बंदी इ. स. १९८६ पासून अंमलांत आली. तेव्हांपासून कांहीं जाति सांवरल्या. अरबी समुद्रांतील तो लहानसा समूह अजून सांवरलेला नाहीं.

तर मग देवमाशाचे दांत कोठें गेले? ते एके दिवशीं पडले नाहींत. ज्या कामासाठीं ते होते तें काम हळूहळू दुसऱ्या रीतीनें होऊं लागलें, आणि त्यांची गरज सरली. त्यांची आठवण मात्र पुरती पुसली गेली नाहीं. आजहि प्रत्येक पिलाच्या जबड्यांत, तें आईच्या पोटांत असतांना, ते अंकुर थोडा वेळ डोकावून जातात. रेवदंड्याच्या वाळूंत जो जीव निपचित पडला, त्याच्याहि जबड्यांत जन्मापूर्वीं ते असेच येऊन गेले होते. पुढें कधीं किनाऱ्यावर असा प्राणी आपल्या दृष्टीस पडला, तर त्याची केवळ लांबी मोजून परतूं नये. त्या झालरीकडे नीट पाहावें. तिच्यांतील प्रत्येक पात्यामागें कोट्यवधि वर्षांच्या लहान लहान पायऱ्या आहेत, आणि त्यांतील एकहि पायरी वायां गेलेली नाहीं.